अंगठ्याएवढं भोक

१

दर्सोनोची गाडी कोपेंगच्या चढावर जळाली तेव्हा भर सकाळ होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कोबी काढणारी माणसं होती, त्यामुळे साक्षीदारांना तोटा नव्हता. त्यांनी सांगितलं ते असं : गाडी वळणावर आली तेव्हा आत गाणं ठणाणा चालू होतं. एकदम गाणं बंद पडलं. मग बॉनेटच्या फटीतून धूर आला आणि पाठोपाठ काचा आतून काळ्या झाल्या. गाडी मोरीच्या कठड्यावर जाऊन आदळली. माणसं कोयते टाकून धावली, पण दार निघेपर्यंत आत वाचवण्यासारखं कुणी उरलं नव्हतं.

दर्सोनो आमच्या आळीतला. सालातिगा गावातली ही आळी, मागं मेर्बाबू डोंगर. माणूस सोयाबीनचं पनीर, म्हणजे ताहू, बनवून विकायचा. कष्टाळू, हसरा आणि एका बाबतीत पूर्ण वेडा. गाडीच्या मागच्या सीटा काढून त्यानं तिथं टेबलाएवढे स्पीकर बसवले होते. असल्या गाड्यांच्या स्पर्धा होतात, तिथं तो दर रविवारी जायचा आणि उरलेले दिवस आळीतच सराव करायचा. त्याचा ठोका पडला की माझ्या घरातले चमचे हलायचे.

मी त्या आळीचा प्रमुख. नाव मुल्यादी, पण ते फक्त सरकारी कागदावर. एरवी सगळे मला ‘पाक एर्ते’ म्हणतात. पाक म्हणजे बापमाणूस आणि एर्ते म्हणजे आळी. तुंबलेल्या गटारापासून मोडलेल्या लग्नापर्यंत सगळं माझ्या दारात येतं. हे प्रकरणही आलं.

पोलिसांनी त्याच संध्याकाळी कुस्नादीला उचललं. कारण सरळ होतं. एवढा मोठा आवाज काढणाऱ्या यंत्राला, अँपला, वीज भरपूर लागते. ती जाड तारेनं थेट बॅटरीवरून न्यावी लागते. बॅटरी पुढं इंजिनपाशी, अँप मागं, आणि मध्ये पोलादी पत्रा. इंजिनची आग माणसांपर्यंत येऊ नये म्हणून असलेला हा पत्रा, त्याला फायरवॉल म्हणतात. त्याला भोक पाडून तार आत घेतात. भोकाची कड सुरीसारखी असते, म्हणून तिथं एक रबरी कडं बसवतात. दर्सोनोच्या गाडीत ती तार भोकाच्या कडेला वितळून चिकटलेली सापडली आणि कडं नव्हतं. तार टाकली होती कुस्नादीनं. निष्काळजीपणानं माणूस मारला, विषय संपला.

तिसऱ्या दिवशी विमा कंपनीची बाई आली. बू नस्तिती; बू म्हणजे बाई. पन्नाशीची, अंगानं किरकोळ, पायात पुरुषी बूट. एका कानानं तिला ऐकू येत नसे, त्यामुळे बोलणाऱ्याच्या डाव्या हाताला जाऊन उभं राहायची तिला सवय होती. समोरच्याला वाटायचं, बाई आपल्याकडे बघतच नाही.

मला बरोबर घेऊन ती पोलिसांच्या आवारात गेली. जळक्या गाडीपुढं बराच वेळ वाकून उभी राहिली. मग तिनं हातमोजा काढला आणि फायरवॉलच्या भोकात अंगठा घातला. अंगठा आरपार गेला.

“पाक एर्ते, तार केवढी आहे?”

“करंगळीएवढी.”

“आणि भोक अंगठ्याएवढं. निष्काळजी माणूस तार जाईल एवढंच भोक पाडतो आणि मोकळा होतो. एवढं मोठं भोक पाडायचं कारण एकच. आत रबर बसवायचं होतं.”

“मग ते जळालं असेल.”

“ही शेजारची दोन भोकं बघा. कारखान्यातलीच आहेत. तिथलं रबर जळून डांबरासारखं कडेला चिकटलंय. आणि इथं?”

तिथं कड साफ होती. फक्त एका जागी तांब्याचा वितळलेला मणी.

“रबर इथं होतं,” ती म्हणाली, “आणि गाडी पेटली तेव्हा नव्हतं. कुणीतरी ते आधीच काढून नेलं.”

२

कुस्नादी कोठडीत मांडी घालून बसला होता. पस्तिशीचा, दंडावर वेल्डिंगचे जुने डाग. मला बघून उठला नाही.

“या पाक एर्ते. आळीकडून फळं आणलीत की शिव्या?”

“शेंगदाण्याची वडी आणलीय. खा गप.”

नस्तितीनं त्याच्या डाव्या बाजूला स्टूल ओढलं. “मास कुस्नादी, रबर बसवलं होतंस?” मास म्हणजे दादा.

“बसवलं होतं, हे सांगून सांगून जीभ झिजली, बू. इथले साहेब म्हणतात, सगळे हेच म्हणतात.”

“मी साहेब नाही. कसलं होतं?”

तो जरा सरळ बसला. “काळं, जाड, दुहेरी ओठाचं. ट्रकचं असतं तसलं. ईदच्या आधी बसवलं. भोकाची कड कानशीनं घासली, रंग लावला, मग रबर. तारेवर साबण लावून ती आतून ओढली. हातानं हिसडा मारून पाहिला, हललं नाही. आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. तार कुठंही पत्र्याला लागली की फ्यूज उडणार, वीज तुटणार. आवाज बंद, बाकी काही नाही. दर्सोनोला मी हे तीनतीनदा समजावलं. मग तो आख्ख्या आळीला बॉनेट उघडून दाखवत सुटला. ‘बघा, माझी गाडी किती सुरक्षित!’ दाखवलं होतं ना, पाक?”

दाखवलं होतं. मीही मान डोलावली होती.

“त्यानंतर गाडीला हात लावलास?”

“नाही. आमचं वाजलं होतं. त्याला दुप्पट मोठा अँप हवा होता, त्याच तारेवर. मी म्हटलं, मास, ही तार तेवढं ओझं ओढणार नाही, फ्यूज उडत राहील. तो म्हणाला, तू भित्रा आहेस. मी म्हटलं, मग निडर माणूस शोध. तेव्हापासून तो आला नाही.”

नस्तितीनं पिशवीतून फ्यूजची जळकी डबी काढली. झाकण उघडून त्याच्यापुढं धरली.

कुस्नादी बघत राहिला. वडीचा तुकडा त्याच्या हातातच राहिला. फ्यूजच्या जागी तांब्याचा चपटा, काळा पडलेला तुकडा होता.

“हे माझं नाही,” तो हळूच म्हणाला. “बू, आईची शपथ. हे कुणी घातलं?”

३

आळीत तोवर खुनी ठरलेला होता : टोनी. टोनीचं गावाबाहेर टायरचं दुकान. आवाजाच्या स्पर्धेत गेली दोन वर्षं दर्सोनो पहिला आणि टोनी दुसरा. हरल्यावर तो जे बोलायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही.

“या, या,” आम्ही दुकानात गेलो तसा तो म्हणाला. “मला वाटलंच होतं. बेड्या आणल्यात का? माझं मनगट जाड आहे हो.”

“बसायला काही आहे का?” नस्तितीनं विचारलं.

त्यानं टायर लोटला. ती बसली, मीही बसलो.

“हे बघा बाई, मला त्याची गाडी बिघडवायची असती तर स्पीकरवर बाटलीभर सरबत ओतलं असतं. एका मिनिटाचं काम. बॉनेटमध्ये डोकं घालून रबर काढत कोण बसेल? आणि तार घासायची कधी, फ्यूज उडायचा कधी? स्पर्धेच्या दिवशी उडेल की गुरुवारी बाजारात? असल्या हत्यारानं कोण लढतं?”

“रबराचं तुला कुणी सांगितलं?”

“सगळ्या गावाला माहीत आहे, रबर नव्हतं ते. पोलिसाचा मेव्हणा माझ्याकडंच टायर बदलतो.”

नस्तिती हसली. मग म्हणाली, “त्याची गाडी याआधी कधी बंद पडली होती?”

टोनीनं डोकं खाजवलं. “अंबारावा गावच्या स्पर्धेत पडली ना. ऐन गाण्यात आवाज गेला. मी तर उभा राहून टाळ्या वाजवल्या. त्यानं बॉनेट उघडलं, काहीतरी खुडबुड केली, परत चालू. पुढच्या फेरीत परत गेला. हरला बिचारा. पण त्यानंतरच्या रविवारी आला तो असा वाजवला, असा वाजवला...” तो थांबला. त्याचा चेहरा बदलला. “त्या दिवशी मी त्याला म्हटलं होतं, काय घातलंस रे आत? तो म्हणाला, गुपित आहे.”

आम्ही दुकानातून बाहेर पडलो. मोटारीत बसताना नस्तिती म्हणाली, “हा माणूस खरं बोलला, आणि हुशारही आहे. रबर काढून कुणाला मारता येत नाही, पाक एर्ते. ते कामच मुळात मारण्याचं नव्हतं.”

“मग कशाचं?”

“ज्यानं रबर काढलं त्याला फ्यूजचं ठाऊक होतं. तार घासेल, फ्यूज उडेल, आवाज बंद पडेल, एवढंच त्याला हवं होतं. आणि झालंही तसंच. दोनदा. मग फ्यूजच्या जागी तांबं आलं.” ती माझ्याकडे वळली. “इथं दोन माणसं आहेत. एकानं रबर काढलं, दुसऱ्यानं तांबं घातलं. आणि मला वाटतं, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.”

४

दर्सोनोच्या घरी चुली पेटलेल्या होत्या. मयत झालं तरी भिजत घातलेलं सोयाबीन वाट बघत नाही. त्याची बायको पूर्वंती वाफेत उभी राहून मोठ्या फडक्यातून दूध पिळत होती. आम्हाला बघून तिनं हात पुसले आणि आतून चहा आणला. आळीत तिला सगळे म्बाक म्हणतात, म्हणजे ताई.

“म्बाक पूर्वंती,” नस्तितीनं विचारलं, “गाडीतला फ्यूज कधी उडाला होता का?”

“मला त्यातलं काय कळतं, बू. गाडी त्यांची. मी ताहू बघते.”

“दुकानातून फ्यूज आणायला तुम्हाला पाठवलं नव्हतं?”

“नाही.”

उत्तर फार पटकन आलं. नस्तितीनं चहाचा घोट घेतला आणि उठून चुलींपाशी गेली. गॅसच्या टाकीपासून चुलींकडं तांब्याच्या नळ्या गेल्या होत्या. तीन चुलींच्या नळ्या जुन्या, हिरवट पडलेल्या. चौथी चूल बंद होती आणि तिची नळी मधेच तुटलेली. तुटलेलं टोक नव्या पैशासारखं चमकत होतं.

“ही चूल?”

“बिघडलीय.”

“बरं,” नस्तिती म्हणाली आणि परत येऊन बसली. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

“कुस्नादी अजून आतच आहे,” मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, पण पूर्वंतीच्या हातातलं झाकण घंगाळावर जरा जोरात आदळलं.

“त्यांनीच तार टाकली ना,” ती म्हणाली. “पोलिसांना कळत नसेल का?”

तेवढ्यात दारात खाकरण्याचा आवाज आला. म्बाह रेक्सो. म्बाह म्हणजे आजोबा. आळीत सगळ्यात वयस्कर हेच. दर्सोनोची आणि त्यांची भिंत एक. ऐन उमेदीत ते गावातल्या सिनेमा थिएटरात यंत्र चालवत. थिएटर पडलं, मग म्हातारपणी त्यांनी होले पाळले. आमच्याकडं गाणाऱ्या होल्यांचा मोठा शौक. उंच बांबूवर पिंजरा चढवतात आणि खाली बसून ऐकतात. दर्सोनोच्या घरी सात संध्याकाळ मृताच्या नावानं जो पाठ चालला होता, तो म्बाह रेक्सोच म्हणवून घेत होते.

“पोरी, आज माणसं जास्त येतील. चटया माझ्याकडच्या घेऊन ये,” ते म्हणाले. मग नस्तितीला बघून थांबले. “विम्याच्या बाई ना?”

“हो, म्बाह.”

“कळलं का काही?”

“थोडं कळलं.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. काहीतरी विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं आणि ते गेले. नस्तिती त्यांच्या पाठीकडं बघत राहिली.

५

दुपारी ती माझ्या ओसरीवर बसली. माझ्या बायकोनं तिच्यापुढं तळलेला ताहू आणि हिरव्या मिरच्या ठेवल्या.

“पाक एर्ते, दर्सोनोच्या आवाजाबद्दल तक्रारी कुणाकुणाच्या होत्या?”

“कुणाच्या नव्हत्या ते विचारा,” माझी बायको म्हणाली. “हे स्वतःच उशी कानावर घेऊन झोपायचे.”

“मलाही धरा मग संशयितांत,” मी म्हटलं.

“धरलं होतं,” नस्तिती शांतपणे म्हणाली. “सोडून दिलं. तुम्हाला गाडीचं बॉनेट उघडता येत नाही. काल माझ्या गाडीचं उघडायला सांगितलं तर तुम्ही डिकी उघडलीत.”

बायको पदरात तोंड लपवून हसली.

“बघा,” नस्तिती म्हणाली, “टोनीनं बरोबर सांगितलं. प्रतिस्पर्धी असता तर झटपट काम केलं असतं आणि ते उघड दिसलं असतं तरी त्याला फिकीर नव्हती. पण इथं कुणीतरी असं काम केलं की बिघाड आपोआप झालाय असं वाटावं. दर्सोनोला संशयच येऊ नये. असं कुणाला हवं असतं? ज्याला रोज सकाळी त्याला तोंड दाखवायचंय त्याला. शेजाऱ्याला. त्यातही विजेचं ज्ञान असलेल्याला. आणि गाडी जिथं उभी असे तिथं ज्याला कुणी हटकणार नाही, त्याला.”

गाडी कुठं उभी असे हे मला विचारायची तिला गरज नव्हती. म्बाह रेक्सोच्या भिंतीला लागून, थेट त्यांच्या होल्यांच्या बांबूखाली.

“पण बू, म्बाह?” बायकोचा आवाज चिरकला. “ते तर रोज पाठ म्हणवतात तिथं!”

“पुरावा नाही,” मी म्हटलं. “हा नुसता अंदाज झाला.”

“अंदाजच आहे. चला, होले बघायला जाऊ.”

म्बाह घरी नव्हते, मशिदीत गेले होते. फाटक नेहमीसारखं उघडं. अंगणात बांबू होता, वर पिंजरा, आणि पिंजऱ्याची दोरी बांबूच्या टोकाच्या कप्पीवरून खाली येऊन पडवीच्या पत्र्यातून आत, खुंटीला बांधलेली. म्हाताऱ्याला पावसात बाहेर न येता पिंजरा उतरवता यावा म्हणून केलेली सोय.

दोरी पत्र्यातून जिथं आत येत होती, तिथं भोक होतं. नस्तितीनं वर बघितलं आणि मला खूण केली.

भोकात काळं, जाड, दुहेरी ओठाचं रबरी कडं होतं. एका जागी सुरीनं चिरलेलं, आणि चीर बारीक तारेनं शिवलेली. दोरी पत्र्याच्या कडेला घासून तुटू नये म्हणून.

६

म्बाह परत आले तेव्हा आम्ही पडवीतच बसलो होतो. त्यांनी आमच्याकडं बघितलं, मग वर पत्र्याकडं. चपला काढल्या, जपून जोडीनं ठेवल्या.

“काढून टाकावं असं रोज वाटायचं,” ते म्हणाले. “पण शिडीवर चढलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, म्बाह, काय काढताय.”

“बसा, म्बाह,” नस्तिती म्हणाली. या वेळी ती त्यांच्या अगदी समोर बसली होती.

“पक्षी मुके झाले होते, बाई. सगळे. होला एकदा घाबरला की गात नाही, मग लाख दाणे घाला. मी दर्सोनोला सांगितलं. तो म्हणायचा, म्बाह, थोडे दिवस, स्पर्धा झाली की कमी करतो. स्पर्धा काही संपेनात. पोरगा वाईट नव्हता. येताजाता ताहू आणून द्यायचा.” त्यांनी बाहेर पिंजऱ्याकडं बघितलं. “एका शुक्रवारी गुडघा दुखतो म्हणून नमाजाला गेलो नाही. आळी रिकामी होती. बॉनेटची कडी ढिली होती, सगळ्यांना ठाऊक होतं. सुरीनं रबर चिरून काढलं. म्हटलं, गाडीच्या धक्क्यानं तार घासेल, फ्यूज जाईल, दोन दिवस तरी शांतता.”

“आणि गेला.”

“गेला. पक्षी गायले. मग आवाज परत सुरू झाला. मला वाटलं, कुस्नादीला दाखवलं असेल, त्यानं नवं रबर बसवलं असेल. माझा डाव तिथंच संपला, असं समजून मी गप्प राहिलो.” त्यांनी टोपी काढली. “कुस्नादीला धरलं तेव्हाच बोलायला हवं होतं. रोज ठरवायचो, आज पाठ झाला की बोलायचं. पण बाई, मला एक कळत नाही. बत्तीस एमएमची रिळं चालवताना... नाही, पस्तीस... बघा, डोकं चालत नाही. जन्मभर मी फ्यूज हाताळले. तार पत्र्याला लागली की फ्यूज उडतो. उडायलाच हवा. परमेश्वराचा नव्हे, पण विजेचा नियम आहे तो. मग त्या सकाळी तो का नाही उडाला? या प्रश्नानं मला झोप नाही. मी काय चुकलो?”

नस्तितीनं मान वर केली. ती त्यांच्या खांद्यावरून फाटकाकडं बघत होती.

फाटकात पूर्वंती उभी होती. काखेत गुंडाळलेल्या चटया. ती त्या परत करायला आली होती की आणखी न्यायला, ते मला आजही ठाऊक नाही.

“फ्यूज नव्हताच, म्बाह,” ती म्हणाली.

म्बाह मागं वळले.

“दोन फ्यूज उडाले. दोन्ही मीच आणून दिले होते. तिसऱ्या वेळी दुकान बंद होतं आणि सकाळी स्पर्धा. ते म्हणाले, मोठा आवाज लावतो म्हणून उडतोय, जरा जाड काहीतरी घालू, नंतर बघू. चौथ्या चुलीची नळी मीच करवतीनं कापून दिली. ते हातोड्यानं चपटी करताना मी ती धरून बसले. हसत होतो आम्ही. ते म्हणाले, आता हा ताहूवर चालणारा अँप झाला.” तिनं चटया खाली ठेवल्या. “पोलीस आले आणि कुस्नादीचं नाव घेतलं तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, म्हणजे आमच्या हातून नाही झालं.”

“म्बाक,” नस्तिती म्हणाली, “हे माझ्या कंपनीपुढं आलं की ती तुम्हाला काही देणार नाही. मालकानंच फ्यूज काढला तर विमा उरत नाही. मी हे लपवू शकत नाही.”

“माहीत आहे. म्हणून तर फ्यूजबद्दल खोटं बोलले.” मग ती म्हाताऱ्याकडं वळली. तिच्या आवाजात राग होता, पण तो कुठं टाकावा हे तिला समजत नव्हतं. “तुम्ही येऊन दारावर दोन लाथा घालायच्या होत्या, म्बाह! शिव्या द्यायच्या होत्या! त्यांनी ऐकलं असतं. तुमचं ऐकलं असतं त्यांनी.”

म्हाताऱ्यानं दोन्ही हात जोडून गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घातली. त्यांना फक्त एवढंच म्हणता आलं, “हो, पोरी.”

७

कुस्नादी दुसऱ्या दिवशी सुटला. आळीत त्याला न्यायला मी गेलो होतो. वाटेत तो एकच वाक्य बोलला : “तार बरोबर टाकली होती ना, पाक?” मी म्हटलं, बरोबर टाकली होती. मग घरापर्यंत तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.

म्बाह रेक्सो आपणहून ठाण्यावर गेले. होले आता माझ्या बायकोकडं आहेत. ती त्यांना वेळेवर दाणे घालते आणि माझ्यापेक्षा जास्त त्यांच्याशी बोलते.

खटला उभा राहिला तेव्हा अर्धी आळी कोर्टात होती. टोनीसुद्धा आला, मागच्या बाकावर, पहिल्यांदाच तोंड मिटून. सगळं सांगून झालं. न्यायाधीश बाईंनी पूर्वंतीला विचारलं, आरोपीबद्दल काही म्हणायचंय का. सरकारी वकिलाला वाटलं, ती शिक्षा मागेल. आळीला वाटलं, ती माफी देईल. आमच्याकडं असं होतं, विधवा उठते, माफ केलं म्हणते आणि सगळे मोकळे होतात.

ती उठली. कागद आणला नव्हता.

“माझ्या नवऱ्याला तिघांनी मिळून मारलं,” ती म्हणाली. “एक हे म्बाह. एक तो स्वतः. आणि एक मी. तिघांपैकी कुणालाही त्याला मारायचं नव्हतं. तो तर गेलाच. मला कुणी कोर्टात उभं केलं नाही. राहिले हे एकटे. यांना माफ करायला मला अजून जमलेलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू? पण तिघांची शिक्षा या एकट्याच्या अंगावर घालू नका. यांच्या वाटणीची तेवढी द्या.”

न्यायाधीश बाईंनी लिहिणं थांबवलं होतं. म्बाह समोर बघत उभे होते. दरवाजापाशी नस्तिती होती, चांगला कान पूर्वंतीकडं करून.

म्बाहना थोडी शिक्षा झाली, वयाकडं बघून आणखी कमी. ते सगळं कोर्टाच्या भाषेत होतं, आणि निम्म्या आळीला ते मला नंतर समजावून सांगावं लागलं.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. पूर्वंती पायऱ्यांवर एकटी उभी होती. तिच्याजवळ जावं की नाही हे कुणाला उमगत नव्हतं. बायका आपापल्या छत्र्या उघडत होत्या आणि तिच्या अंगावरून नजर फिरवून दुसरीकडं बघत होत्या.

कुस्नादी फाटकाबाहेरून मोटरसायकल घेऊन आला. तिच्या गप्प बसण्यामुळं ज्यानं कोठडीतले दिवस काढले, तोच. गाडी पायरीशी लावून त्यानं सीटवरचं पाणी बाहीनं पुसलं आणि दुसरं हेल्मेट पुढं केलं.

“बसा, म्बाक,” तो म्हणाला. “ताहू पोचवायची वेळ टळतेय.”

ती थोडा वेळ त्या हेल्मेटकडं बघत राहिली. मग तिनं ते डोक्यावर घातलं, हनुवटीखालचा पट्टा लागेना तेव्हा त्यानं तो लावून दिला, आणि ती मागं बसली.